गाणं बंद म्हणजे मीटिंग

दिगू गेल्याचा निरोप मला कुणी दिला नाही. मी तिथंच होतो. त्याच्या खोलीबाहेर, बंद दाराला पाठ करून, सव्वा तास दबक्या आवाजात बोलत बसलेलो. सहा आठवडे झाले त्याला. आम्ही आत का गेलो नाही हे सांगायचं तर दिगूच्या टेपरेकॉर्डरपासून सुरुवात करावी लागते.

दिगंबर माझा शाळेपासूनचा मित्र. मी सेलूतच मास्तर झालो, तो पुण्यात कंपनीत लागला. लॉकडाऊनमध्ये तो बायकोला, सुरेखाला, घेऊन दोन बॅगांनिशी सेलूला आईकडे आला तो महिनाभरासाठी म्हणून. पण कंपनीने घरूनच काम करा म्हटलं आणि पुढं कायमचंच तसं झालं. दुकानं बंद, गल्ल्या सामसूम, अशात याला माळ्यावर वारलेल्या वडिलांचा टेपरेकॉर्डर सापडला. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. जिंतूरच्या युसूफभाईंना, म्हणजे जुन्या रेडिओ मेकॅनिकला, त्यानं फोन लावला. "मशीन अस्सल हाय साहेब, फेकू नका. पट्टा गळाला तर गळू द्या, मी सांगतो तसं करा," असं म्हणत त्या माणसानं फोनवरून याच्याकडून अख्खी मशीन खोलून घेतली. चार दिवसांनी वडिलांनी पोखर्णीच्या देवळात टेप केलेलं भजन घरात वाजलं, तेव्हा काकू, म्हणजे दिगूची आई, पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या. तिथून हा गडी बिघडलाच. लॉकडाऊन उठल्यावर भंगारवाल्यांना निरोप गेले, परभणीहून अ‍ॅम्प्लिफायर आला, भिंतभर कॅसेटी झाल्या. मी चिडवायचो, "अरे, सगळं जग मोबाइलवर ऐकतंय, आणि तू टेपचं हेड स्पिरिटनं पुसत बसतोस!" तो म्हणायचा, "मोबाइलवर गाणं लागतं रे, इथं लावावं लागतं."

घरून काम म्हणजे काय, हे काकूंना शेवटपर्यंत नीट पटलं नाही. पहिल्याच महिन्यात त्या मेथीची जुडी घेऊन थेट खोलीत शिरल्या. "दिग्या, रिकामाच बसलायस तर एवढी भाजी निवडून दे." समोर पडद्यावर अख्खं ऑफिस! दारावर पाटी लावून उपयोग नव्हता, काकूंचा चष्मा कधी जागेवर नसे. मग दिगूनं घरासाठी सोपा नियम केला. टेप वाजतोय तोवर कुणीही या. गाणं बंद झालं की मीटिंग, दाराकडं फिरकायचं नाही. मीटिंगमध्ये तो कानाला हेडफोन लावून बहुतेक वेळ नुसताच ऐकत असे, त्यामुळे आतून आवाज आला नाही तरी कुणाला काही वाटत नसे. घरानं हा नियम इतका अंगी बाणवला की गाणं थांबलं की कुकरच्या शिट्यासुद्धा थांबत.

त्या दिवशी मी गेलो तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच गाणं ऐकू येत होतं. काकू म्हणाल्या, "जा की आत, गाणंच ऐकायलाय." सुरेखानं तेवढ्यात चहा ठेवला होता. मी म्हटलं, चहा पिऊन जातो. हा चहा मी आयुष्यात विसरणार नाही. कप हातात आला आणि गाणं थांबलं. "बसा आता," सुरेखा हसून कुजबुजली. तिनं गॅस बारीक केला, काकूंनी निवडायचे तांदूळ अंगणात नेले. आम्ही हळू आवाजात शाळेच्या, पावसाच्या, कुणाकुणाच्या लग्नाच्या गप्पा मारल्या. एकदा आत फोन वाजून थांबला, तोही आम्ही मीटिंगच्याच खात्यावर टाकला. साडेचारच्या सुमाराला सुरेखाचा फोन वाजला. दिगूच्या हाताखालची मुलगी विचारत होती, "मॅडम, सर चारच्या कॉलवर आलेच नाहीत. तुमच्याकडं नेट गेलंय का?" सेलूत नेट जातच असतं, म्हणून तीही बिचारी अर्धा तास थांबली होती. सुरेखानं दार ढकललं. दिगू खुर्चीत मागं रेलून बसला होता, डोळ्यांवर चष्मा तसाच.

डॉक्टर म्हणाले, झटक्यात गेले, कुणाला काही करता आलं नसतं. मी त्या शब्दांना घट्ट धरून बसलो. सुरेखाला ते पुरलं नाही. तेराव्यानंतर तिनं मला बोलावून घेतलं. "भाऊजी, टेप उघडून बघा. बाजू संपून आपोआप थांबला का त्यांनी थांबवला?" तिचं म्हणणं मला कळलं. आपोआप थांबला असेल, तर गाणं चालू असतानाच तो गेला असेल, म्हणजे नियम पाळून बाहेर बसल्याचा दोष आमच्यावर येत नव्हता. मी झाकण उघडलं. कॅसेटची बाजू निम्मीसुद्धा झाली नव्हती. बटण त्यानं स्वतः दाबलं होतं.

आणि मीटिंग चारची होती. गाणं थांबलं तेव्हा सव्वातीनच झाले होते.

सुरेखानं कॅसेट हातात घेतली. मग म्हणाली, "आपल्याला हाक ऐकू यावी म्हणून बंद केलं असंल का हो?" मी टेपचं झाकण लावून टाकलं.

आता त्या खोलीचं दार काढून भिंतीला टेकवून ठेवलंय, आणि सुरेखा सकाळी उठल्याबरोबर टेप लावते. परवा मी गेलो होतो. ती भाकरी थापत होती, काकू पडल्या होत्या, मी पेपर चाळत होतो. एक बाजू संपली, गाणं थांबलं... आणि आम्ही तिघंही खोलीकडं धावलो.