मॅग्नमचे एकोणीस गुण

सेवेत हाताळलेल्या खुनाच्या प्रकरणांचे तपशील आता एकमेकांत मिसळू लागले आहेत. शारजातले एक प्रकरण मात्र गुणतक्त्यासकट लक्षात राहिले. त्यात कोणी मेले नाही, कोणाला खरचटलेही नाही. तरीही एका कुटुंबाला चार दिवसांत देश सोडावा लागला असता.

पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी मुलाकडे दुबईला आलो आणि शारजातल्या एका खासगी नेमबाजी क्लबात सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. सकाळी शस्त्रागाराचे कुलूप माझ्यासमोर उघडायचे, नोंदवहीशी शस्त्रे ताडून पाहायची आणि संध्याकाळी हेच उलट क्रमाने करायचे. ठाण्यातल्या मुद्देमाल कारकुनाचेच काम, फक्त वातानुकूलित.

क्लबात पॉइंट टू-टूच्या दोन सारख्या रिव्हॉल्व्हर होत्या, क्रमांक एक आणि दोन. प्रत्येकीला दोन सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायची फिरती चक्रे. एक साध्या लाँग रायफल गोळ्यांचा, तो रिव्हॉल्व्हरमध्येच बसवलेला असे. दुसरा लांब, जोरकस मॅग्नम गोळ्यांचा, तो वेगळ्या पिशवीत. मधली दांडी ओढायची, एक सिलिंडर काढायचा, दुसरा बसवायचा. एका रिव्हॉल्व्हरमधून दोन प्रकारच्या गोळ्या उडवता येतात. कोणती गोळी जास्त अचूक, यावर सभासद तासन्‌तास वाद घालत.

सर्वात मोठ्याने वाद घालणारे सभासद दुबईत अल मनखूलला राहणारे, मूळचे पुण्याचे, एका कंपनीत फायनान्स मॅनेजर. त्यांचे मत मॅग्नमच्या बाजूने. शेवटी एका शनिवारी त्यांनीच स्पर्धा ठरवली. प्रत्येकाने सहा गोळ्या साध्या सिलिंडरने मारायच्या, मग सिलिंडर बदलून सहा मॅग्नम. प्रतिस्पर्धी म्हणून त्यांनी स्वतःच्या पत्नीला उभे केले. त्यांच्या हातात एक नंबर, पत्नीच्या हातात दोन नंबर.

साध्या गोळ्यांत साहेबांना साठपैकी बावन्न, पत्नीला त्रेपन्न. मॅग्नममध्ये पत्नीला पंचेचाळीस, साहेबांना एकोणीस.

रविवारी सकाळी व्यवस्थापकाच्या टेबलावर दोन पानी तक्रार होती. शस्त्रागार सांभाळणाऱ्या आर्मररने एक नंबरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मुद्दाम बिघाड केला, असा आरोप. हेतूही लिहिला होता: 'माझी पत्नी त्याला दर आठवड्याला डबा आणते.'

व्यवस्थापक केरळचे, स्वभावाने घाबरट. मला म्हणाले, "साब, मेंबर बड़ा आदमी है. गुरुवार तक रिपोर्ट में एक नाम चाहिए. जिसका नाम, उसका खलास, कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल."

नाव कोणाचे, हे सांगायची गरज नव्हती. आर्मरर साताऱ्याकडचा माजी सैनिक. कंत्राट गेले की व्हिसा जाणार, आणि रोल्ला भागातल्या शाळेत दहावीला असलेली मुलगी ऐन बोर्डाच्या वर्षात गावी जाणार.

मी प्रथम एक नंबर तपासली. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीजवळ शिशाचे बारीक कण उडालेले होते. म्हणजे गोळी नळीत सरळ जात नव्हती, कडेला खरवडत होती. शेजारी पार्टिशन नसते, तर ते कण कोणाच्या तरी गालाला लागले असते. मग मॅग्नम सिलिंडरच्या मागच्या दात्यांतून कापसाची काडी फिरवली. ती लाल झाली.

"हे काय?" मी आर्मररला विचारले.

"गंज असंल साहेब."

"गंज इतक्या शुभ रंगाचा नसतो."

 मी बराच वेळ समोर बसून राहिलो. चौकशीत माझे हे जुने हत्यार, पण फौजेत पहारा दिलेल्या माणसावर ते चालत नाही. शेवटी एवढेच म्हणाला, "माझं नाव लिवा साहेब. दुसऱ्या कुनाचं मी सांगनार न्हाई."

दुसरे कोणीतरी आहे, हे त्याने अशा प्रकारे सांगून टाकले.

सोमवारी संध्याकाळी तक्रारदार आणि पत्नी दोघांना बोलावले. साहेब तासाभराने आले. दुबईहून येणारा रस्ता नेहमीप्रमाणे तुंबला होता. बाई शारजातल्याच ऑफिसमधून थेट आल्या होत्या, म्हणून त्यांचा जबाब आधी झाला.

"डबा देता, हे खरे?"

"हो. भरली वांगी. ह्यांना आवडत नाहीत, मग उरतात."

"स्पर्धेत तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये काही वेगळे वाटले?"

"मॅग्नमचा सिलिंडर बसवताना थोडा अडला. मी आर्मररकाकांना विचारणार होते, पण ह्यांनी घाई केली." मग त्या हसल्या. "आमच्या कुकरचं असंच होतं. दोन कुकर आहेत, एकाच कंपनीचे. हे भांडी लावतात त्या दिवशी झाकणं हमखास बदलतात. बसल्यासारखं दिसतं, पण वाफ बाजूने जाते आणि शिट्टी काही होत नाही. ह्यांना विचारलं, तर म्हणतात झाकण बिघडलंय."

मी जबाब अर्धवट ठेवून शस्त्रागारात गेलो. बत्तीस वर्षे तपास केलेल्या माणसाला हे कुकरवरून कळावे, याची नोंद मी अहवालात केली नाही. मॅग्नम सिलिंडर कारखान्यात ज्या रिव्हॉल्व्हरसाठी घासून बसवतात, तिच्या कारखाना-क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे त्याच्या पुढच्या तोंडावर कोरलेले असतात. काजळी बसली की ते दिसत नाहीत. दोन्ही सिलिंडर पुसले. एक नंबरमध्ये दोन नंबरचा होता आणि दोनमध्ये एकचा. बाईंच्या रिव्हॉल्व्हरने चुकीचा सिलिंडर कसाबसा चालवून घेतला होता, साहेबांच्या रिव्हॉल्व्हरने नाही.

आता प्रश्न एकच होता. लाल रंग कुठून आला? साहेब आले तेव्हा मी त्यांना विचारले, "स्पर्धेच्या आदल्या दिवशी काय होते?"

"फ्रायडे. ऑफिसला हाफ डे होता."

"आणि तिथी?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिले. "अहो, खंडेनवमी. तुम्ही झेंडूची फुलं घेऊन कुठे गेला होतात?"

साहेबांनी टाय सैल केला. "आमच्या घरी शस्त्रपूजेची ट्रॅडिशन आहे. इथे शस्त्र कुठून आणणार? मी त्याला रिक्वेस्ट केली, पाच मिनिटं आत घे. त्याचा काही दोष नाही, म्हणजे तसा."

"सिलिंडर कोणी काढले?"

"त्यानेच. मी हळद-कुंकू वाहिलं. मग मॅनेजरचा आवाज आला, त्याला बाहेर बोलावलं. फुलं, निरांजन मी आवरलं, आणि सिलिंडर—"

"पिशव्यांत कोणी भरले?"

"मीच. पण दोन्ही सेमच दिसत होते हो."

"झाकणंही सेमच दिसतात," बाई म्हणाल्या.

सभासदाला शस्त्रागारात घेणे हा नियमभंग होता आणि आर्मररला तो ठाऊक होता. म्हणून तो गप्प होता. साहेबांना मात्र आपण काही केले आहे, याची खरोखर कल्पना नव्हती.

कबुलीवर अहवाल होत नाही, पुरावा लागतो. बुधवारी व्यवस्थापकासमोर योग्य सिलिंडर बसवून दोघांकडून मॅग्नमच्या सहा-सहा गोळ्या पुन्हा मारून घेतल्या. साहेबांचे एक्केचाळीस झाले, बाईंचे एकोणपन्नास. दोन्ही रिव्हॉल्व्हर सुधारल्या, म्हणजे बिघाड दोन्हींत होता, म्हणजे कोणाला जिंकवण्याचा हेतू नव्हता. आर्मरर सुटत होता तो याच आकड्यांवर. त्याच आकड्यांवरून हेही दिसत होते की साहेबांचे दुरुस्त गुण, एकूण त्र्याण्णव, बाईंच्या चुकीच्या सिलिंडरसह मिळालेल्या अठ्ठ्याण्णवपेक्षा कमी होते. आणि दोन्ही रिव्हॉल्व्हरमध्ये मॅग्नमपेक्षा साधी गोळीच सरस ठरली होती.

अहवाल टाइप करून सहीसाठी साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"मिसेसचा स्कोअर लिहायलाच हवा का? फक्त माझा इम्प्रूव्ह झाला, असं लिहिलं तर?"

"तर तक्रार खरी ठरते. तुमचीच रिव्हॉल्व्हर बिघडवली होती, असा अर्थ निघतो. उद्या गुरुवार आहे."

"हा कागद नोटीस बोर्डवर लागतो का?"

"लागतो."

काचेपलीकडे आर्मरर रिव्हॉल्व्हर पुसत उभा होता. आमच्याकडे पाहत नव्हता. साहेबांनी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले.

सेवेत मला वाटत असे की तपास म्हणजे खोटे बोलणारा माणूस शोधणे. या प्रकरणात कोणीच खोटे बोलले नव्हते, गंजाचे सोडले तर. एकाला सांगायचे नव्हते आणि दुसऱ्याला माहीतच नव्हते. गुन्हेगाराकडून कबुली मिळवणे मला जमत असे. पण आपली चूक नोटीस बोर्डवर लागणार हे माहीत असूनही दुसऱ्याच्या पोटासाठी सही करणारी माणसे मी ठाण्यात मोजकीच पाहिली.

आर्मररला लेखी ताकीद मिळाली, कंत्राट राहिले. साहेबांनी सही केली, पेनाला टोपण लावले आणि मला म्हणाले, "खाली एक ओळ ॲड करा ना. 'वारा होता.'"

आमची रेंज बंदिस्त आहे. मी ती ओळ घातली नाही.