अक्का आणि दहा मीटरची रेंज

लातुरात बंदूक म्हटलं की लोकांना एकतर पोलीस आठवतो, नाहीतर लग्नाच्या वरातीतला एखादा दारू प्यालेला मामा. त्यामुळे मी रविवारी सकाळी खांद्याला लांबडी पिशवी अडकवून सायकलवर निघालो की गल्लीतलं कुणीतरी विचारायचंच, "काय सर, शिकारीला का?" मी थांबून समजावून सांगायचो. ही छऱ्याची बंदूक आहे, हिला एअर रायफल म्हणतात, कागदावरच्या काळ्या ठिपक्याला भोक पाडणं एवढंच हिचं काम. कुणाला पटायचं नाही. ज्यातून काही मिळत नाही अशी गोष्ट माणूस दर आठवड्याला नेमानं करतो, यावर आमच्या गावाचा विश्वासच नाही.

मी शाळेत खेळाचा मास्तर. नांदेडला कॉलेजात असताना एनसीसीत नेमबाजी शिकलो आणि नोकरीसाठी लातूरला आल्यावर चौघा-पाचजणांना गोळा करून क्लब काढला. क्लब म्हणजे एका डाळमिलचं जुनं, पत्र्याचं, लांबट गोदाम. एका टोकाला दोन टेबलं, दुसऱ्या टोकाला वाळूच्या पोत्यांची थप्पी आणि तिच्यापुढं टार्गेट लावायच्या चौकटी, मधे दहा मीटर मोकळी फरशी, हीच आमची रेंज. रविवारी मिल बंद असायची, म्हणून आमचा वार रविवार.

मग गावात क्लासचं वारं सुटलं. आमच्या एका नेमबाजानं फिजिक्सचा क्लास काढला. दुसऱ्यानं घरावर मजला चढवून पोरांना कॉट भाड्यानं दिल्या आणि बायकोला मेस काढून दिली. तिसऱ्याची बदली झाली. शाळेत माझा खेळाचा तास गणिताला गेला, आणि तो परत मागायला गेलो तर हेडमास्तर म्हणाले, "सर, तुम्ही आराम करा की." गोदामाची चावी आणि क्लबची एक जादा बंदूक तेवढी माझ्याकडं राहिली. मी एकटा जायचो, टार्गेट लावायचो, छरे मारायचो, चालत जाऊन टार्गेट काढायचो आणि हातात धरून बघत उभा राहायचो. एखाद्या दिवशी सगळी भोकं एका रुपयाखाली झाकतील इतकी जवळ पडायची. दाखवायला कुणी नसायचं. फार एकटं वाटायचं. घरातलं एक माणूस, फक्त एक, माझ्याबरोबर रेंजवर यावं अशी माझी इच्छा होती आणि ती मी बायकोला इतक्यांदा सांगितली होती की ती आता ऐकतही नव्हती.

घरात आम्ही चौघं. मी, बायको, बारावीतला मुलगा आणि माझी थोरली बहीण. अक्का निलंग्याकडच्या एका खेड्यात दिलेली. भूकंपात घराचं मातीचं माळवद खाली आलं आणि दाजी आणि शाळेत जाणारी त्यांची एकुलती लेक, दोघंही त्याखाली गेले. अक्का वाचली. मी तिला एसटीनं घरी घेऊन आलो, त्याला आता चार-पाच वर्षं होत आली होती. ती कशी वाचली हे आम्ही कधी विचारलं नाही. आमच्या भागात हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही.

एका रविवारी मुलाच्या क्लासला सुट्टी पडली. मी जेवताना पुन्हा विषय काढला. मुलगा म्हणाला, "पप्पा, याचे मार्क धरतात का?" बायको म्हणाली, "अहो, मी बंदूक धरू? लोक काय म्हणतील?" मी चिडून ताटावरनं उठणार, तेवढ्यात अक्का भाकरी मोडता मोडता म्हणाली, "मी येते." अक्का येते म्हटल्यावर बाकीच्यांची पंचाईत झाली. मग सगळेच निघाले.

रेंजवर माझा आवाज बदलतो, असं बायकोचं म्हणणं आहे. बदलत असेल. मी तिघांना ओळीनं उभं केलं आणि आधी बंदुकीला हातच लावू दिला नाही. छरा असो नसो, बंदूक भरलेलीच समजायची. नळीचं तोंड कायम पोत्यांकडं, कुणी हाक मारली तरी बंदूक घेऊन वळायचं नाही. नेम धरून होईपर्यंत बोट घोड्यावर ठेवायचं नाही. कुणी टार्गेट बदलायला पुढं गेलं असेल तर टेबलावरच्या बंदुकीला शिवायचंसुद्धा नाही. आणि मी 'थांबा' म्हटलं की छरा भरलेला असला तरी बंदूक होती तशी टेबलावर ठेवायची, हात मांडीवर, आणि जागचं हलायचं नाही.

"म्हणजे विळीसारखंच की," बायको म्हणाली. "उभी सोडून उठायचं न्हाई." मला ते इतकं आवडलं की पुढं शाळेतल्या पोरांनाही मी तेच सांगत आलो.

बायकोचे पहिले छरे पोत्यात कुठं गेले ते तिलाच ठाऊक. नळी खाली वाकवून छरा भरायला तिला जोर पुरेना, तेव्हा ती माझ्याकडं बघून हसली. ती तशी हसली त्याला बरेच दिवस झाले होते. मुलगा घाईचा, पण डोळा चांगला. आणि अक्का! अक्का टेबलाशी बसली, कोपर टेकवलं, गाल लाकडाला लावला आणि अशी थांबली की तिचा पदरसुद्धा हलेना. तिच्या टार्गेटवर भोकं काळ्या ठिपक्यात होती. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वाटलं, मिळालं माणूस.

दुसऱ्या फेरीला एका टेबलाशी अक्का आणि एका टेबलाशी मुलगा बसला. दोघांनी छरे भरले. आणि तेवढ्यात शेजारी मिल सुरू झाली. तुरीचा हंगाम होता, माल जास्त आला असेल, मालकानं त्या रविवारी मशीन लावली. आधी फरशीतून गुरगुर आली आणि मग सगळे पत्रे एकदम थरथरायला लागले.

भूकंपानंतर आमच्याकडच्या माणसांना एक सवय लागली आहे. जमीन गुरगुरली की हातात असेल ते घेऊन बाहेर. विचार करायचा नाही. बायको एकदा लाटणं घेऊन अंगणात आली होती, शेजारचे मास्तर दाढीचा ब्रश घेऊन. घराघरात पोरांना हेच शिकवलं होतं, मीसुद्धा माझ्या पोराला हेच शिकवलं होतं. तो उठला आणि हातात होती ती भरलेली बंदूक घेऊन दाराकडं पळाला. वळताना नळी बायकोच्या तोंडावरून गेली. मी 'थांबा' ओरडलो, पण पत्र्यांच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. मी झेप घेऊन नळी धरली, वर ढकलली, छरा आढ्याच्या पत्र्याला लागला. मग आम्ही तिघंही बाहेर उन्हात होतो.

कुणाला काही झालं नाही. मिल आहे हे कळल्यावर मुलगा रडवेला होऊन खाली बसला. बायकोनं मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही.

अक्का बाहेर आलीच नव्हती. मी आत गेलो. ती टेबलाशी बसून होती. बंदूक टेबलावर, तोंड पोत्यांकडं, हात मांडीवर. सगळं मी सांगितलं तसं. मी तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि पोराला म्हणालो, "बघ! ह्याला म्हणतात शिस्त. सगळा पत्रा हलून राहिला, पण ही बाई हलली का?" अक्का खाली बघत होती. बायको माझ्याकडं बघत होती, आणि ते बघणं मला कळलं नाही.

ते घरी आल्यावर कळलं. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "कसली शिस्त घेऊन बसलात? अक्का घरातबी पळत न्हाईत. मागं हादरा बसला तवा आपण अंगणात व्हतो, अन् अक्का चुलीपाशी बसून. मी बघितलंय." मी म्हणालो, तिचे गुडघे दुखतात. बायको म्हणाली, "गुडघे नव्हं."

पुढच्या रविवारी मुलगा आला नाही, बायकोचा तर प्रश्नच नव्हता. मी पिशवी खांद्याला लावली तर अक्का चपला घालून दारात उभी. सायकल हातात धरून मी तिच्याबरोबर चालत गेलो. गोदामाचं कुलूप काढलं, पण बंदूक पिशवीतून काढली नाही. म्हटलं, "अक्का, तू त्या दिवशी कामून उठली न्हाईस?"

ती टेबलाशी जाऊन पोत्यांकडं तोंड करून बसली.

"पहिल्या हिसक्याला मी बाहेर आले," ती म्हणाली. "पळतच. वाटलं, सगळी माझ्या मागनं येत्यात. लिंबाच्या झाडापाशी गेले अन् मागं वळून बघितलं, तर कुणी न्हाई." तिनं टेबलावरची धूळ हातानं पुसली. "आता न्हाई पळत मी. येऊ दे यायचं ते."

हे ती भाजीत मीठ कमी आहे अशा सुरात बोलली, म्हणून मी जास्त घाबरलो. इतकी वर्षं आमच्या घरात राहून, आमच्या भाकरी थापून, ही बाई पुढच्या हादऱ्याची वाट बघत होती. मी रागावलो. असं बोलू नये म्हणालो, मग आम्ही तुझे कोण म्हणालो. ती ऐकून घेत होती. रागावून मी थकलो, तेव्हा मला जे एकच बोलता येतं ते बोलायला लागलो. रेंजच्या कायद्यातलं.

"हे बघ," मी म्हणालो, "रेंजवर जो प्रमुख असतो तो आधी निघत नसतो. सगळ्यांना बाहेर काढायचं, एकेक टेबल बघायचं, आत कुणी राहिलं न्हाई याची खात्री करायची, आणि मग आपण निघायचं. आत बसून राहायचं न्हाई त्यानं. निघायचंच. पण शेवटी."

तिनं माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "शेवटी? सगळी निघाल्यावर?"

"हाव."

"मग ते काम मला दे."

दिलं. त्या दिवसापासून नेमबाजी संपली की मी बंदुका पिशवीत घालून आधी बाहेर पडायचो आणि अक्का मागं राहायची. दोन्ही टेबलांखाली वाकून बघायची, पोत्यांपर्यंत जाऊन यायची, दारात येऊन "आत कुणी न्हाई" म्हणायची आणि कडी लावायची. दोन टेबलांच्या रिकाम्या गोदामात बघायचं ते काय, पण ती दर वेळी नव्यानं बघायची. घरातही मी हाच कायदा लावला. पावसाळ्यात एक बारीकसा हादरा बसला तेव्हा आम्ही तिघं अंगणात जाऊन दाराकडं बघत उभे राहिलो. मला देव आठवला, खोटं कशाला सांगू. मग अक्का आली. चुलीवरचं दूध उतरवून, सावकाश, पदर सारखा करत. "आत कुणी न्हाई," ती म्हणाली. बायको तिला धरून रडायला लागली.

मुलाला नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. मेसचं खाणं त्याला सोसेना म्हणून बायकोनं नांदेडला खोली घेतली आणि ती तिकडंच राहिली. मी महिन्याकाठी जाऊन यायचो. लातूरच्या घरात आम्ही भाऊबहीण दोघंच उरलो. एक खोली क्लासच्या पोरांना द्या, असं सगळे म्हणायचे. मी दिली नाही. संध्याकाळी अक्का आणि मी समोरासमोर बसून जेवायचो आणि कधीकधी जेवण संपेपर्यंत एक शब्द निघायचा नाही. मला रेंजवर एक माणूस हवं होतं, ते मिळालं होतं. पण घरातली माणसं आता मोजकीच राहिली होती, आणि तिची तर आधीच गेली होती.

तशाच एका रविवारी आम्ही रेंजवर होतो. मिल बंद होती. फरशी गुरगुरली, पत्रे खडखडले आणि चौकटीतलं टार्गेट हललं. मिल नव्हतीच ती. दोघांनी बंदुका टेबलावर ठेवल्या, तोंड पोत्यांकडं. मी उठलो आणि कायद्याप्रमाणे आधी बाहेर पडलो. हादरा तोवर थांबलाही होता.

अक्का आली नाही.

मी दारापाशी परत गेलो. ती आत, दाराजवळच, माझ्याकडं पाठ करून उभी होती. टेबलं बघून झाली होती. ती पोत्यांच्याही पलीकडं कुठंतरी बघत होती. मग शाळेला उशीर झालेल्या पोरीला हाक मारतात तशा साध्या आवाजात ती म्हणाली, "चल गं माय, चल बाहेर. मी हाय हितं."

थोडा वेळ तिनं वाट पाहिली. मग वळली, माझ्या बाजूनं बाहेर आली आणि दार ओढून कडी लावली. आत कुणी न्हाई, असं त्या दिवशी ती म्हणाली नाही.