स्वल्प उजवीकडे

मंगळवारी सकाळी वरच्या मजल्यावरचे अण्णा गेले.

वाऱ्याची दिशा पाहून वागणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूस बंगळूरच्या अख्ख्या राजाजीनगरात नव्हता. मूळचे निपाणीचे, घरात मराठी, दुकानात कन्नड. समुद्र त्यांनी कधी पाहिला नाही. एकदा मंगळूरला निघाले होते, पण घाट यायच्या आधीच, हासनच्या सपाट रस्त्यावर, त्यांना बस लागली आणि ते परत आले. तरी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर समुद्र कायम पसरलेला असे. भाच्याने परदेशातून आणलेला तो खेळ: दोन शिडाची जहाजं आणि षट्कोनी घरं छापलेला निळा कागद. दोघांनी आपापली चाल चिठ्ठीवर गुपचूप लिहायची, चिठ्ठ्या एकदम उघडायच्या, मग जहाजं हलवायची. नव्वदीच्या सुरुवातीला मी पुण्याहून नोकरीसाठी आलो, खालच्या खोलीत राहू लागलो आणि दुसऱ्याच रविवारी शत्रू म्हणून नेमला गेलो.

वारा फासा टाकून ठरवावा, असा नियम होता. अण्णांचा फाशावर विश्वास नव्हता. गच्चीतल्या दोरीवर त्यांच्या बायकोची, अक्कांची, साडी जिकडे उडेल, तिकडचा वारा. त्यामुळे प्रत्येक चालीला ते जिना चढून पाहून येत. एकदा ऐन लढाईत अक्का वाळलेली साडी घडी करून खाली घेऊन आल्या, तेव्हा दोन्ही जहाजं तासभर जागीच उभी राहिली. मी विचार करत बसलो की ते टेबलाभोवती फेऱ्या घालत म्हणायचे, "पुणेकर, बसून लढाई होत नाही."

चिठ्ठीत मी घरं मोजून लिहायचो. ते लिहायचे, "स्वल्प उजवीकडे." स्वल्प म्हणजे कन्नडात थोडंसं; पण थोडंसं म्हणजे नेमकी किती घरं, हा वाद आम्ही चार वर्षं घातला. चिठ्ठ्या उघडल्यावर त्यांना सोयीचं असेल तेवढंच ते स्वल्प निघायचं. चार वर्षांत मी एकदाही जिंकलो नाही.

त्या सोमवारी मात्र त्यांची डोलकाठी मोडली होती आणि माझ्या तोफा भरलेल्या होत्या. ते डावीकडे वळले तर बुडणार, उजवीकडे वळले तर निसटणार. चिठ्ठ्या लिहून झाल्या. ते गच्चीवर जाऊन आले. "साडी हलत नाही," म्हणाले. "उद्या उघडू." चिठ्ठ्या वाटीखाली राहिल्या.

तेराव्यानंतर अक्कांनी मला वर बोलावलं. टेबलाला हात लावलेला नाही, तुमचं काय ते आवरा, म्हणाल्या. त्यांच्यासमोरच मी अण्णांची चिठ्ठी उघडली. घाईच्या अक्षरात एकच शब्द होता: स्वल्प.

"कुठं स्वल्प?" अक्कांनी विचारलं.

मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही.

"यांचं असंच बघा. बाजाराच्या यादीतसुद्धा किती ते लिहायचे, काय ते नाही."

आम्ही दोघं हसलो. मग त्या साडी काढायला म्हणून गच्चीवर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत.

तो निळा कागद आता माझ्या टेबलावर आहे. माझं जहाज मी चिठ्ठीप्रमाणे एक घर पुढे नेलं आहे. अण्णांचं होतं तिथेच आहे.