सीताफळाच्या बिया आणि खोंडाचा डोळा

आमचं गाव दिघीच्या माळाला लागून. बांधावरची सीताफळं दिवाळीपर्यंत खायची आणि बिया वाळवून ठेवायच्या, ही आमच्याकडची रीत. पोरींच्या डोक्यात उवा झाल्या की आई त्या बिया वाटून तेलातून लावायची. त्याआधी पोरीच्या डोळ्यांवर फडकं घट्ट बांधायची. ते वाटण डोळ्यात गेलं तर डोळा जातो, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

त्या थंडीत आमच्या गाईच्या खोंडाला उवा झाल्या. म्हाताऱ्या बैलाच्या जागी हाच खोंड पुढं जुंपायचा, असं ठरलेलं. माझ्या थोरल्या भावानं त्याला मानेपासून कपाळापर्यंत तेच वाटण चोळलं.

मी म्हणालो, "दादा, कपाळाला नको. डोळ्यात उतरंल."

"तू जनावरांचा डाक्तर कवापासनं झालास?"

"मग पोरींचं डोळं कशाला बांधता?"

"त्या पोरी. जनावराचं कातडं जाड आसतंय."

डोळ्याला कुठलं आलंय कातडं? पण ऐकतो कोण. धारेची वेळ झालेली. वासरू चाटल्याशिवाय आमची गाय पान्हा सोडत नसे. मी दावं धरलं, तर माझा हात झटकून त्यानं खोंड सोडला. गाईनं चाटत चाटत सगळं वाटण त्याच्या डोळ्यांत ढकललं. तिच्याही तोंडाला फेस आला, वैरणीला तोंड लावेना.

सकाळी खोंडाचे दोन्ही डोळे मिटलेले, पाणी गळतंय. मी धुवायला बसलो. दादा म्हणाला, नजर लागली. तंबाखू-मीठ चघळून डोळ्यात थुंकायला आला. जनावराच्या डोळ्याला आमच्याकडं तसंच करत. मी आडवा आलो.

"थुंकायचं तर माझ्या डोळ्यात थुंक."

आई म्हणाली, "भांडा तुमी दोघं. जनावर जाऊंद्या मसणात."

दिवसभर धुतलं तेव्हा डावा डोळा वाचला. उजव्यात पांढरं फूल पडलं ते कायमचं.

पुढं तो बैल झाला. दादा पावण्यांना सांगायचा, आमच्या बैलाला नजर लागली. मी तिथंच बसलेला. बियांचं नाव काढलं की हा पान लावायला घ्यायचा. जुंपताना मात्र त्याला कायम डाव्या अंगाला घ्यायचा, म्हणजे फुटका डोळा जोडीच्या बैलाकडं राहील, चांगला बाहेरच्या अंगाला.

एकदा मी म्हणालो, "दादा, एवढं कळतंय तुला, मग त्या बियांचं..."

"कासरा धर," तो म्हणाला. "ऊन व्हायला लागलंय."