अठ्ठ्याहत्तरची ट्रायल

"हे पाहा देवाभाऊ, माही पोरगी!" रामटेकेकाकांनी मोबाईल काउंटरवर जवळजवळ आपटलाच. "साठचा रस्ता, अन् अठ्ठ्याहत्तरनं उडून राहिली!"

मी दोन हातांच्या अंतरावर एका स्कूटरचा ब्रेक खोलत बसलो होतो. मान लांब करून पाहिलं. वर्धा रोडवरच्या कॅमेऱ्याने मागून काढलेला फोटो होता. काळी मोटरसायकल, नंबर स्वच्छ, बसलेल्याच्या डोक्यावर लाल हेल्मेट. हेल्मेट काकांच्या मुलीचं, अश्विनीताईचं होतं. आतलं डोकं माझं होतं.

हातातला पाना खाली ठेवला तर आवाज होईल, म्हणून मी तो तसाच धरून राहिलो.

आधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. गाडी दुरुस्त झाली की मेकॅनिक ती चालवून पाहतो. त्याला आम्ही ट्रायल म्हणतो. देवाभाऊंच्या बेसातल्या गॅरेजचा नियम कडक आहे. ट्रायल नाक्यापर्यंत, पुढे नाही. पंक्चर, ब्रेक, क्लच यांना नाका पुरतो. पण अश्विनीताईच्या गाडीचं हँडल थरथरत होतं. हँडल जिथे वळतं तिथे वर-खाली गोळ्यांच्या दोन कड्या असतात, त्याला कोनसेट म्हणतात. तो झिजला की हँडल थरथरायला लागतं. हळू चालवताना काही कळत नाही. वेग वाढला की मग कळतं, आणि तेव्हा कधीकधी उशीर झालेला असतो. मी नवा कोनसेट टाकला. थरथर गेली की नाही हे नाक्यापर्यंत कळणार नव्हतं. देवाभाऊ पार्ट आणायला लकडगंजला गेले होते. आमचं ट्रायलचं हेल्मेट फुटलेलं. गाडीला अडकवलेलं लाल हेल्मेट घातलं आणि गेलो वर्धा रोडला. संध्याकाळी अश्विनीताई गाडी घेऊन गेली. दंडाचा मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी आला, तोही गाडी ज्यांच्या नावावर त्यांच्या मोबाईलवर. म्हणजे काकांच्या.

"पोरगी म्हणते, गाडी त्या टायमाले गॅरेजमंधी होती," काका सांगत होते. "खरं हाय काय?"

"गाडी होती," देवाभाऊ म्हणाले. "पण आमचा माणूस नाक्याच्या पुढं जात नाही काका. वर्धा रोडवर तर नाहीच नाही."

देवाभाऊ खोटं बोलत नव्हते. त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं.

"मंग झालं," काका म्हणाले. "म्हणजे मधातच घेऊन गेली अन् वरून खोटं बोलून राहिली. आता चाबी माह्याजवळ. मिहानले जायचं तर जाईल ऑटोनं. नाही जमत तं सोडून दे म्हणा नोकरी."

अश्विनीताई मिहानमधल्या एका कंपनीत शिफ्टवर काम करते. तिची शिफ्ट सुरू होते तेव्हा बेसातून ऑटो मिळत नाही, हे मला माहीत होतं. काकांनाही माहीत असणार.

मी काय विचार करत होतो ते खरं सांगतो. मी गॅरेजच्या माळ्याचा विचार करत होतो. आठवीतून शाळा सोडली आणि तासगावहून द्राक्षांच्या ट्रकवर क्लीनर म्हणून इकडे आलो. ट्रकवाला मला मंडईत सोडून दुसरं भाडं घेऊन गेला. देवाभाऊंनी जेवू घातलं, माळ्यावर जागा दिली, हातात पाना दिला. लायसन्स काढायला आरटीओला स्वतः सोबत आले. मी त्यांचा एकच नियम मोडला होता, तोही त्यांच्या पाठीमागे. त्यांनी जा म्हटलं असतं तर मला जायला एकच ठिकाण होतं, आणि ते रेल्वेने एका दिवसाच्या पलीकडे होतं.

बाहेर काकांनी त्याच काळ्या गाडीला किक मारली. मी उठलो, पळत गेलो आणि मागचा दांडा धरला.

"काका, तो मी आहे."

"कोण तू?"

"फोटोतला. ट्रायलला गेलो होतो."

काकांनी गाडी बंद केली. माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "तिनं फोन करून सांगितलं काय तुले असं म्हणायले?"

"नाही काका. देवाशपथ."

"हेल्मेट तिचं हाय."

"मीच घातलं होतं."

देवाभाऊ दारात आले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते एवढंच म्हणाले, "जा. काकाले पोलिसाईकडं मोठा फोटो दाखवून आण. मंग पाहू." तो 'मंग पाहू' डोक्यात घेऊनच मी काकांच्या मागे बसलो.

ट्रॅफिकच्या ऑफिसात काउंटरवर एक हवालदार मॅडम बसल्या होत्या. समोर कॉम्प्युटर, बाजूला चहाचा कप, चेहऱ्यावर सकाळपासून हेच ऐकल्याचा कंटाळा. खाकी दिसली की मला उगाचच आपण काहीतरी केलंय असं वाटतं. या वेळी खरंच केलं होतं. मी न विचारता लायसन्स काढून दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"ठेव गा खिशात. मागितलं काय कोणी?" मॅडम म्हणाल्या. "बोला काका."

काकांनी सगळं सांगितलं. मॅडमनी नंबर टाकला, फोटो उघडला आणि मोठा केला. लाल हेल्मेट. त्याखाली टी-शर्टवर पाठभर इंजिन ऑइलची जाहिरात. मुडपलेली पँट, ग्रीसचे डाग, पायात स्लीपर.

"हे तुमची पोरगी होय काय?"

काकांनी चष्मा वर सरकवला. माझी पाठ फिरवून टी-शर्ट पाहिला. मी तोच घातला होता. दुसरा धुतलेला नव्हता.

"नाही बाप्पा!" काकांच्या तोंडावर एकदम हसू आलं. "हा तर हाच हाय! मी म्हणलंच होतं, माही पोरगी अशी नाही चालवत. चाळीस-पन्नासच्या वर काटाच नाही जाऊ देत."

"मग चालान माझ्या नावावर करता येतं का मॅडम?" मी विचारलं.

"चालान गाडीच्या नंबरवर निघते. गाडी काकाची, दंड काकाचा. कोण बसलं होतं ते तुम्ही आपसात पाहा." त्यांनी कप उचलला. मग माझ्याकडे वळल्या. "पण तू काहून गेला गा एवढ्या जोरात? गिऱ्हाइकाची गाडी ना ते?"

मला वाटलं, आता नीट सांगितलं तर माझी बाजू कळेल. नीट सांगण्याची मला घाईच झाली होती.

"मॅडम, तक्रारच तशी होती. सत्तरच्या वर गेलं की हँडल थरथरतं. सत्तरच्या खाली काहीच होत नाही. मग सत्तरच्या वर नेल्याशिवाय कळणार कसं?"

मॅडमनी चहाचा घोट घेतला. तो सावकाश गिळला.

"अन् तक्रार कोणी केली होती?"

माझी नजर आपोआप काकांकडे गेली.

काकांचं हसू जागेवरच राहिलं, पण त्यातलं सगळं निघून गेलं. शेजारच्या टेबलावरचा पोलीस फाइलमागे तोंड लपवून खोकायला लागला.

"चाळीस-पन्नास म्हणे," मॅडम हळूच म्हणाल्या. "घ्या काका, बसा. पाणी पाहिजे काय?"

काकांनी पाणी घेतलं नाही. दंड भरला आणि बाहेर आले. परत येताना ते गाडी चालवत होते, मी मागे. चाळीसने. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होतो. तिला वाचवायला गेलो आणि पुरावा नेऊन ठाण्यात जमा केला.

गॅरेजसमोर काकांनी गाडी स्टँडला लावली. हँडल दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहिलं.

"थरथर गेली ना पण?"

"गेली काका."

"पुरी?"

"अठ्ठ्याहत्तरला एक हात सोडून पाहिला. हललं नाही."

काकांनी हँडलवरून हात फिरवला. "कधीपासून अशी चालवत होती कोणास ठाऊक," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच. मग देवाभाऊंकडे जाऊन म्हणाले, "पोराले बोलू नका जास्त." आणि गेले.

देवाभाऊ बोलले. जास्तच बोलले. पण माळा राहिला. महिनाभर मला ट्रायल बंद, ते स्वतः घ्यायचे, नाक्यापर्यंत. त्या महिन्यात दोन गाड्या हँडल थरथरण्याचीच तक्रार घेऊन परत आल्या. दुसरी आली तेव्हा देवाभाऊंनी माझ्या हातात चावी दिली आणि म्हणाले, "विचारून जाय. अन् साठच्या वरचं काम असलं तर गिऱ्हाइकाले मागं बसव."

अश्विनीताईला गाडी परत मिळाली, पण चार दिवस काका रोज तिच्या मागे बसून मिहानपर्यंत गेले आणि ऑटो शोधत परत आले. पाचव्या दिवशी त्यांची कंबर धरली. पुढच्या सर्व्हिसिंगला ती आली तेव्हा मी पेन काढून तक्रार विचारली.

"काहीच नाही दादा," ती म्हणाली. "तुमच्याजवळ मी आता काहीच सांगत नाही. फक्त ऑइल बदला."

गिऱ्हाईक गाडीबद्दल सांगतं तेव्हा स्वतःबद्दलही बरंच सांगून जातं. मेकॅनिकने ते ऐकावं, दुरुस्ती करावी, आणि पोलिसांनी विचारलं तर फक्त आपलं तेवढं सांगावं.