पालथे फोन

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही चुकतं, तेवढं समजून घ्या.

फुलचूरचा मोबाईलवाला बोलण्याआधी दुकानातले सगळे फोन पालथे घालतो आणि हळू बोलतो, जणू शेजारी कोणी झोपलंय. माझा मुलगा परदेशात कामाला गेला. एकट्याला सोबत म्हणून फोनमधल्या बोलक्या मशीनशी बोलू पाहायचा, ते तिथं चालेना. चालू करून देण्याचे पाचशे रुपये मोबाईलवाल्यानं घेतले होते. काल मी विचारलं, "तिथं काऊन बंद आहे जी?"

"तिथल्या लोकाईचं बोलणं बाहेरदेशच्या मशीनजवळ जाऊ नाही, असं तिथलं सरकार म्हणते, काकू. चोरून लावलं तं पोरगा फसन."

"मग आपल्या इथं?"

 माझ्या हातातला फोन घेऊन त्यानं पालथा घातला आणि पाचशेच्या पाचशे त्यावर ठेवले.