मावशीची उरलेली बातमी

अर्धवट गोष्ट जिला अजिबात खपत नाही अशी बाई अख्ख्या पालघर जिल्ह्यात एकच, आणि ती नेमकी मुरबे गावात माझ्या शेजारी राहते. मी तिला मावशी म्हणतो. ती पालघरच्या बाजारात मासळी विकते. तिच्याकडून पापलेट घेतलं की कालवण कसं करायचं ते ऐकावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी कसं झालं ते सांगावंही लागतं. एकदा माझी बायको "बरं झालं होतं" म्हणून सुटायला बघत होती. "बरा म्हंजे काय? चिंच कमी पडली का?" म्हणत बया घरात शिरली, ती पातेलं हुंगूनच बाहेर पडली.

अशा बाईला टीव्हीवाल्यांनी अर्धवट दाखवावं!

लॉकडाऊनमध्ये बाजार बंद, होड्यांतून आलेली मासळी किनाऱ्यावर कुजत होती. "सकाळचे दोन तास तरी विकू द्या," म्हणत कोळणी कोळगावच्या जिल्हा कचेरीवर गेल्या. मावशीने पाटी आणि कोयताही नेला. त्यांच्याशिवाय तिला चालताच येत नाही. फाटकावर एका पोलीस मुलीने विचारलं, "पाटीत काय?" झालं! मावशीने तिथंच बसकण मारली. "कुजन्यापरीस तूच ने, पोरी," म्हणत बोंबील साफ करायला लागली. पोरगी आपली नको नको म्हणतेय. इतक्यात मागच्या बायका पुढे रेटल्या. मावशी उठली, मास्क हनुवटीवर ओढला आणि ओरडली, "अगो, लांब लांब रावा! चिकटू नका येकमेकींना!" हात वर गेला, आणि हातात कोयता होता.

संध्याकाळी टीव्हीवर तेवढंच. आवाज निवेदकाचा, खाली पट्टी : 'कोयता घेऊन जमाव आक्रमक'. बोईसरला कंपनीत असलेल्या तिच्या जावयाला सगळे हसले. त्याने मुरब्याची पायरी चढणंच सोडलं, लेकीलाही पाठवीना. मावशी दोन दिवस जेवली नाही.

पण बातमीनंतर निवेदक "पाहत राहा" म्हणाला होता. मावशीने तो शब्द धरला. घरी आमच्याहून मोठा टीव्ही असताना रोज सात वाजता आमच्या ओट्यावर येऊन खिडकीतून बातम्या बघायची. "उरलेला दाखवतील. अर्धा साफ केलेला मासा कुनी गिऱ्हाइकाला देतंय काय?" लॉकडाऊन उठला, मास्क गेले, वर्षं उलटली, मावशीचं येणं काही चुकलं नाही.

खरं सांगायचं तर उरलेलं मी पाहिलं होतं. मी त्याच कचेरीत कारकून. खिडकीतून सगळं दिसत होतं. पण सरकारी नोकरी, नसती भानगड कशाला, म्हणून तोंड शिवून बसलो. लाज वाटते आता. शेवटी गेल्या महिन्यात बोईसरला गेलो आणि जावयाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्या गर्दीत आई बोंबील साफ करत होत्या?" आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. रविवारी तो बायकोला घेऊन मुरब्यात आला.

तेव्हापासून मावशी सातला येत नाही. मला काही करमेना. काल मीच तिच्या दारात गेलो. "मावशे, बातम्या लागल्या. येत नाहीस?"

"आता कशाला?" ती पाटी धूत म्हणाली. "तू त्या खिडकीत व्हतास, मी बगितला व्हता तुला. उरलेली बातमी तुज्याकडंच व्हती, पोरा."

मावशी उठली आणि कालवणाची वाटी माझ्या हातात दिली. "खाऊन सांग उद्या," म्हणाली, "पन पुरता सांग."